पाण्यातला श्वास

नातू शिकायला वसतिगृहात गेला आणि त्याची तीन फुटी फिश टँक माझ्या गळ्यात पडली. "आजी, गच्चीतली झाडं सांभाळतेस ना, मग ही पाण्यातली पण सांभाळ!" नऊ निऑन टेट्रा, चार-पाच खुरटलेली झाडं आणि पानांवर शेवाळाचा थर, असा सगळा संसार.

दुकानदार म्हणाला, "काकू, उजेड भरपूर आहे, पण झाडांना कार्बन कमी पडतोय. कार्बन डायऑक्साइड सोडा." सिलिंडरची किंमत ऐकून मी हात जोडले. पण साखर आणि यीस्टपासूनही हा वायू तयार होतो, असंही त्यानंच सांगितलं. म्हणजे पीठ आंबवण्याचाच प्रकार की! कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली घेतली. दोन वाट्या साखर, कोमट पाणी, पाव चमचा यीस्ट. झाकणाला भोक पाडून नळी बसवली, फट बुजवली. टँकचं पाणी उलटं बाटलीत येऊ नये म्हणून मध्ये छोटा व्हॉल्व्ह. पाण्यातल्या टोकाला सच्छिद्र दगड.

दुसऱ्या दिवशी बारीक बुडबुडे सुरू झाले. थोड्याच दिवसांत हिरवीगार नवी पानं, आणि दुपारी त्यांच्यावर प्राणवायूचे मोती! शेजारणीला हाताला धरून आणून दाखवलं.

मग हाव सुटली. दुसरी बाटली जोडली, यीस्ट चांगलं चमचाभर घातलं. दिवस मे महिन्याचे. उकाड्यात यीस्टला जास्तच जोर चढतो, हे लक्षातच आलं नाही.

पहाटे उठून पाहते तो सगळे मासे पाण्याच्या वरच्या थराशी, तोंडं वर करून धापा टाकतायत. तीन तळाशी निपचित. थरथरत्या हातानं नातवाला फोन लावला.

"आजी, आधी नळी बाहेर काढ. एअर पंप लाव. मग अर्धं पाणी बदल. नंतर बोलू."

दिवसा उजेडात झाडं हा वायू खातात. दिवा मालवला की खाणं बंद, उलट तीही आपल्यासारखी श्वासावाटे तोच वायू सोडतात. बाटलीला मात्र दिवस-रात्र कळत नाही. पाण्यात तो फार साठला की माशांना स्वतःच्या रक्तातला वायू कल्ल्यांतून बाहेर टाकता येत नाही. पाण्यात प्राणवायू असूनही ते गुदमरतात.

संध्याकाळी फोन आला. "किती गेले गं?" क्षणभर वाटलं, तीन टेट्रा विकत आणून सोडावेत, त्याला काय कळणार आहे! पण म्हटलं, "तीन." तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "बाकीचे खातायत ना?"

त्या रात्री झोप लागली नाही. आयुष्यभर वर्गात उभी राहिले. पुढच्या बाकावरची चार मुलं हात वर करायची आणि मी "समजलं ना सगळ्यांना?" म्हणत पुढचा धडा उघडायची. मागे कोण धापा टाकत होतं, ते किती वेळा पाहिलं? टँकमध्येही मी पानंच बघत बसले होते.

असो. शेवटी पेन्शनमधून सिलिंडर आणला. टायमर लावलाय. दिवा लागायच्या तासभर आधी वायू सुरू होतो आणि दिवा जायच्या तासभर आधी बंद. आत काचेचा एक छोटा फुगा चिकटवलाय, त्यातल्या द्रवाचा रंग बदलतो. निळा म्हणजे वायू कमी, पिवळा म्हणजे धोका. हिरवा म्हणजे लिटरला साधारण 30 मिलिग्रॅम, बेताचा. पण हा रंग बदलायला तास-दोन तास लागतात. त्यामुळे मी त्याच्यावर विसंबत नाही.

पहाटे उठले की चहाच्या आधी टँकपाशी जाते. सहाही जण खाली, झाडांत फिरताना दिसले, की मगच गॅसवर आधण ठेवते.