लहान घराचा खण

आपल्या पूर्वजांनी वाडे बांधले ते फुटांच्या नव्हे, खणांच्या हिशेबाने. दोन तुळयांमधील जागा म्हणजे एक खण. दोन खणांचे माजघर, पाच खणांचा सोपा, एवढे सांगितले की सुताराला लाकडाचा अदमास येई. संसार वाढला की आणखी खण जोडावेत, वाटण्या झाल्या की तेच खण मोजून द्यावेत. आज ज्याला ‘मॉड्यूलर’ घर म्हणतात, त्याचे बीज आपल्या घरांत असे फार पूर्वीपासून आहे.

या विचाराचा एक मोठा प्रयोग आपल्याच इंदूरात झाला. इंदूर विकास प्राधिकरणासाठी वास्तुशिल्पी बाळकृष्ण दोशी यांनी ‘अरण्य’ ही वसाहत आखली. दोशी जन्माने पुण्याचे. सुमारे ८५ हेक्टर जमीन, साडेसहा हजारांच्या आसपास भूखंड आणि त्यांतील बहुसंख्य अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी. सर्वांत लहान भूखंड जेमतेम ३५ चौरस मीटरांचा. त्यावर पूर्ण घर द्यायचे नाही, असे ठरले. चौथरा, न्हाणी, संडास, पाण्याचा नळ आणि फार तर एक खोली द्यावी, बाकीचे घर कुटुंबाने ऐपतीप्रमाणे वाढवावे. कसे वाढवता येईल हे दिसावे म्हणून ८० नमुना घरे १९८९ पर्यंत उभी राहिली. दारापुढे ओटा, वर जाणारा जिना आणि मागे शेजाऱ्यांसह वापरायची मोकळी जागा. १९९५ मध्ये या वसाहतीला आगाखान पुरस्कार मिळाला, तर २०१८ मध्ये दोशींना प्रित्झकर सन्मान. पुढे अनेक घरांचे मालक बदलले, दर्शनी भाग ओळखू येईनासे झाले; परंतु वाढण्याची सोय ठेवलेले घर माणसे वाढवतातच, हे सिद्ध झाले.

दुसरा प्रयोग कनाडिया भागातला. १ जानेवारी २०२१ रोजी तेथे १०२४ घरांच्या प्रकल्पाची पायाभरणी झाली. पोलादी सांगाडा आणि कारखान्यातून तयार होऊन येणाऱ्या हलक्या थरदार भिंती, अशी त्याची रीत. काम झपाट्याने होते, विटा-पाण्याचा खर्च वाचतो. मात्र मजल्यावर मजला चढलेल्या अशा घराला पुढे एखादा खण जोडणे रहिवाशाच्या हाती उरत नाही.

हे सारे आम्ही केवळ कुतूहलाने लिहीत नाही. खजराना भागातील आमच्या घराच्या परसात आम्हा उभयतांसाठी तयार भागांचे दोन खोल्यांचे घर उभारावे, पुढचे मोठे घर मुलाच्या संसाराला मोकळे करावे, अशी सूचना मुलाने मांडली आहे. आराखडा देखणा आहे. भिंतीत मिटणारा पलंग, पायऱ्यांखाली कप्पे. सौभाग्यवतींनी तो शांतपणे पाहिला आणि विचारले, “रोज सकाळी पलंग मिटायचा कोणी? गुडघे दुखत असले म्हणजे?”

त्या एका प्रश्नाने आमची दृष्टी पालटली. चार दिवसांच्या सहलीत जी युक्ती मौजेची वाटते, ती बारा महिन्यांच्या वास्तव्यात शिक्षा होऊ शकते. म्हणून आम्ही आमच्या अटी कागदावर उतरविल्या. पलंग कायमचा मांडलेला असावा. दार तीन फुटांहून अरुंद नसावे. उद्या चाकांची खुर्ची आली तरी ती आत शिरावी. न्हाणीला उंबरठा नको, भिंतीला धरायला दांडा हवा. समोरासमोर खिडक्या हव्यात, कारण माळव्याची रात्र थंड असली तरी मे महिन्याची दुपार पत्र्याखाली काढवत नाही. छपराला उष्णतारोधक थर हवाच. कोनाडे, खुंट्या आणि देवघराची देवळी भिंत बनतानाच ठेवावी. हलक्या भिंतीत मागाहून खिळा ठोकणे जमेलच असे नाही.

शेवटची अट सौभाग्यवतींची : पुढे ओटा हवा. पाहुण्याला आत बसवायला जागा नसली तरी चालेल, पण त्याला दारातून परत पाठवावे लागू नये.

वाटणीत वाडे गेलेल्या आपल्या अनेक घराण्यांपुढे आज हाच प्रश्न आहे. वृद्धांनी किती जागेत राहावे, हे चौरस फुटांनी ठरत नाही. लहान घरातही उठण्याबसण्याला, आजारपणाला आणि येणाऱ्या माणसाला एकेक खण राखलेला असावा. आराखडा आम्ही मुलाकडे दुरुस्तीसाठी परत दिला आहे. त्याने ओटा धरून नवा काढून आणला, तर येत्या पाडव्याला पायाभरणी करण्याचा आमचा विचार आहे.