रिमिक्सचं माहेर

आमच्या घरात 'रिमिक्स' हा शब्द शिवीसारखा वापरला जायचा. चांगल्या गाण्याची वाट लावणे, या क्रियेचं नाम म्हणजे रिमिक्स. २००२ मध्ये 'कांटा लगा'चं रिमिक्स आलं तेव्हा मी बालवाडीत होतो. त्यामुळे माझ्या कानावर आधी डीजे डॉल पडला (की पडली? देव जाणे) आणि लताबाई कित्येक वर्षांनी. टीव्हीवर ते लागलं की बाबा दर वेळी "मूळ गाणं 'समाधी'तलं आहे, १९७२ चं, पंचमचं!" असं बजावायचे आणि चॅनल बदलायचे.

आणि आज बघा, माझ्या हेडफोनमध्ये निम्म्याहून जास्त रिमिक्सच असतात. हाऊस, टेक्नो, छोट्या छोट्या लेबलांवरचं इंडी, असलं सगळं. हिंजवडीला जाऊन येऊन रोजचे दोन-अडीच तास बसमध्ये जातात. एवढ्या वेळात माणूस एक तर झोपतो, नाही तर गाणी शोधतो. मी दुसऱ्या जमातीतला. बाबांना अर्थातच हे पटत नाही. असो.

तर सांगायचा मुद्दा, नवीन गाणी सापडतात कशी? आमच्या हापिसात कुणालाही विचारा, उत्तर एकच: "ॲप देतं की." खरं आहे. स्पॉटिफायचं 'डिस्कव्हर वीकली' २०१५ मध्ये सुरू झालं, दर सोमवारी तीस गाणी. भारतात ते २०१९ मध्ये आलं आणि पहिले काही महिने मी अक्षरशः वेडा झालो होतो. कुणीतरी आपली आवड आपल्यापेक्षा जास्त ओळखतंय म्हणजे काय!

मग आतला इंजिनियर जागा झाला. या यंत्राच्या मुळाशी असलेली युक्ती तशी साधी आहे. लाखो लोकांच्या याद्यांमध्ये कुठली गाणी एकमेकांच्या शेजारी बसतात ते मोजायचं, आणि तुमच्या यादीत त्यातलं एक असेल तर शेजारचं दुसरं तुमच्यासमोर ठेवायचं. मिसळ मागवणाऱ्याला ताक दाखवावं तसं. वर गाण्याची लय, आवाजाचा पोत वगैरेंचं गणित. युक्ती भन्नाट चालते, पण चालता चालता तुम्हाला एकाच गल्लीत फिरवत राहते. सहाएक महिन्यांनी माझी सगळी 'नवीन' गाणी एकमेकांची मावसभावंडं वाटायला लागली. तोच १२० च्या आसपासचा ठेका, तोच धुक्यातून आल्यासारखा बायकी आवाज. छान होतं सगळं. आठवत मात्र काहीच नव्हतं.

अशातच एका विकांताला आई सांगलीहून आली होती. रविवारची सकाळ, ती ओट्यापाशी पोहे परततेय, आणि मी स्पीकरवर फोर टेट लावलेला. फोर टेट म्हणजे लंडनचा किएरन हेब्डन. त्याच्या 'मॉर्निंग / ईव्हनिंग' (२०१५) या अल्बममध्ये वीसेक मिनिटांचे दोनच तुकडे आहेत, सकाळचा एक आणि संध्याकाळचा एक. मी सकाळचा लावला होता. ठेका सुरू होतो आणि थोड्या वेळाने त्यावर एक बाईचा आवाज तरंगत येतो, येतो आणि विरतो.

"लता आहे ही," आई झाऱ्या न थांबवता म्हणाली.

"हो गं, लताबाईच आहेत. कुठलं गाणं आहे पण?"

"थांब जरा... 'सौतन'. राजेश खन्नाचा. आम्ही कॉलेजातल्या पाचजणी गेलो होतो बघायला. संगीत उषा खन्नाचं." मग गॅस बारीक करून, "पण हे असं तुकडे तुकडे का केलंय रे त्याने?"

मी ताबडतोब शोधून बघितलं. बरोबर! 'सौतन', १९८३, उषा खन्ना. गंमत म्हणजे आदल्याच आठवड्यात मी गाणी ओळखणारं ॲप याच तुकड्यासमोर धरलं होतं, तर ते "फोर टेट" म्हणून मोकळं झालं होतं. त्याचीही काही चूक नाही. ही ॲप्स आवाजाच्या आलेखातले ठळक ठळक बिंदू घेऊन एका ठरावीक रेकॉर्डिंगचा ठसा तयार करतात आणि तो साठवलेल्या ठशांशी ताडून बघतात. आधार कार्डाच्या अंगठ्यासारखं. पण जुना आवाज कापून, ताणून, दुसऱ्या ठेक्याखाली पुरला की ठसा पुसला जातो. आईने ठसा ताडलाच नव्हता. तिने आवाज ओळखला, त्यावरून सिनेमा, सिनेमावरून मैत्रिणी, आणि मग संगीतकार. पोहे न करपवता.

त्या दिवसापासून मला एक नाद लागला. गाणं आवडलं की त्याचं माहेर शोधायचं.

पहिल्याच शोधात कॉर्नरशॉप सापडलं. इंग्लंडमधला इंडी बँड, गाणारा आणि लिहिणारा तजिंदर सिंग. ब्रिटनमधल्या देशी लोकांना 'कोपऱ्यावरचे दुकानदार' म्हणून हिणवायचे, तेच नाव यांनी बँडला ठेवलं. त्यांनी आशाबाई भोसले आणि जुन्या ४५ आरपीएमच्या तबकड्या यांच्या प्रेमात एक गाणं केलं, 'ब्रिमफुल ऑफ आशा'. १९९७ मध्ये ते ब्रिटिश यादीत साठाव्या क्रमांकापर्यंत रखडत गेलं. मग नॉर्मन कुक, म्हणजे फॅटबॉय स्लिम, याने त्याचा वेग वाढवला, खाली दणदणीत ड्रम्स घातले, आणि फेब्रुवारी १९९८ मध्ये तेच गाणं पहिल्या क्रमांकावर! आशाबाईंचं नाव ब्रिटनभर पोचवलं ते एका रिमिक्सने. हे मी बाबांना फोन करून मुद्दाम सांगितलं. ते म्हणाले, "हं."

आणि रिमिक्सचं मूळ शोधत गेलात तर तुम्ही थेट जमैकात पोचता, एका रिपेअरवाल्याच्या बाकड्यावर. किंग टबी हा किंग्स्टनमधला इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्त करणारा माणूस. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तो तयार गाण्यातून गायकाचा आवाज काढायचा, उरलेल्या ठेक्यावर एको चढवायचा आणि मिक्सर हेच वाद्य असल्यासारखा वाजवायचा. त्याला 'डब' म्हणतात. इंजिनियर मंडळींनी छाती फुगवायला हरकत नाही.

पण माहेर शोधायला लागलं की एक दुसरी गोष्टही दिसते, आणि ती फारशी सुखाची नसते. बऱ्याच गाण्यांच्या माहेरच्या दारावर पाटीच नसते.

१९६९ मध्ये अमेरिकेतल्या द विन्स्टन्स या बँडने एका रेकॉर्डच्या मागच्या बाजूला 'आमेन, ब्रदर' नावाचं गाणं टाकलं. त्यात मध्ये चार मात्राखंडांचा, सहा-सात सेकंदांचा नुसता ड्रम आहे. इंग्लंडमधलं जंगल आणि ड्रम अँड बेस हे दोन प्रकार जवळजवळ त्याच सहा सेकंदांवर उभे राहिले. हजारो गाण्यांत तो तुकडा आहे, तुम्हीही ऐकला आहे. वाजवणारा ग्रेगरी कोलमन २००६ मध्ये गेला. त्या सहा सेकंदांची रॉयल्टी त्याला कधीच मिळाली नाही.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. २००२ मध्ये ट्रूथ हर्ट्स या अमेरिकन गायिकेचं 'ॲडिक्टिव्ह' तिकडे धुमाकूळ घालत होतं. त्याखाली वाजणारा लताबाईंचा आवाज आणि चाल 'ज्योती' (१९८१) मधली, संगीत बप्पी लाहिरींचं. कव्हरवर त्यांचा पत्ता नाही. बप्पीदा लॉस एंजेलिसच्या कोर्टात गेले आणि २००३ मध्ये कोर्टाने सांगितलं, यांचं नाव छापल्याशिवाय अल्बम विकायचा नाही. बप्पीदांच्या गळ्यातल्या सोन्यावर आपण सगळ्यांनी विनोद केले. हे मात्र किती जणांना माहीत होतं?

आमच्या धंद्यात तर दिवसभर हेच चालतं. लोकांचा कोड उचलायचा, आपल्यात जोडायचा. ओपन सोर्समधलं ते छोटंसं एमआयटी लायसन्स असतं ना, ते फार काही मागत नाही. कोड घ्या, बदला, विका, पैसे कमवा, फक्त मूळ माणसाचं नाव असलेली ओळ काढू नका. कुंपणीत कुणी ती ओळ उडवली तर रिव्ह्यूमध्ये बोंब होते. गाण्याच्या बाबतीत मात्र ती ओळ उडालेलीच असते, आणि आपण "मस्त बीट आहे यार" म्हणून पुढचं गाणं लावतो.

सगळ्यात जास्त चटका लावून गेले ते चरणजित सिंग. मुंबईतले सेशन वादक, म्हणजे मोठमोठ्या संगीतकारांच्या रेकॉर्डिंगमध्ये वाजवणारे आणि पडद्यावर नाव न येणारे. १९८२ मध्ये त्यांनी एचएमव्हीसाठी 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट' हा अल्बम केला. हातात रोलँड कंपनीची तीन नवीकोरी यंत्रं: ज्युपिटर-८, टीआर-८०८ आणि टीबी-३०३. यातलं टीबी-३०३ बनवलं होतं गिटारवाल्यांना घरी सराव करताना साथीला बेस मिळावा म्हणून, आणि त्या कामात ते साफ आपटलं. पण त्यात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय होती. चरणजितजींनी त्यावर ललत, भूप, यमन, मालकंस वाजवले. यंत्राला मींड घ्यायला लावली म्हणा ना.

अल्बम कुणी फारसा घेतला नाही. पाच वर्षांनी, १९८७ मध्ये, शिकागोच्या फ्यूचर या त्रिकुटाने त्याच पडेल टीबी-३०३ च्या कानपिळ्या पिळून 'ॲसिड ट्रॅक्स' काढलं, आणि ॲसिड हाऊस नावाचा प्रकार जगभर पसरला. या दोघांचा एकमेकांशी काहीही संबंध नव्हता. पुढे एडो बाउमन या डच संग्राहकाला भारतात जुन्या रेकॉर्ड्स शोधताना ती तबकडी सापडली. तो मुंबईत चरणजितजींना शोधून भेटला आणि २०१० मध्ये त्याने ती पुन्हा प्रकाशित केली. ऐकणारे उडालेच, कारण ते सगळं हुबेहूब ॲसिड हाऊस वाटत होतं. त्यानंतर सत्तरी गाठलेले चरणजितजी युरोपात जाऊन तरुण पोरांसमोर तीच यंत्रं वाजवून आले. २०१५ मध्ये ते गेले. अठ्ठावीस वर्षं उशीर झाला, पण निदान हयातीत झाला.

आता हे सगळं कुठल्या सोमवारच्या यादीतून आलं असतं? कुणी ऐकतच नाही अशा गाण्याला शेजारी नसतात, आणि शेजारी नसलेलं गाणं यंत्राला दिसत नाही. कुणीतरी धुळीत हात घालून ते आधी वर काढावं लागतं. मग यंत्र आहेच.

म्हणून माझा हल्लीचा विकांताचा कार्यक्रम सांगतो, खर्च शून्य. आवडलेलं एकच गाणं घ्यायचं. श्रेयनामावली उघडायची आणि त्यातलं सगळ्यात अनोळखी नाव पकडायचं. रिमिक्स करणारा असेल तर त्याने आणखी कुणाची गाणी फोडली आहेत ते बघायचं. लेबल छोटं असेल तर त्यांची बाकीची यादी सुरुवातीपासून ऐकायची. खाली जुना आवाज लागला, तर मूळ गाणं पूर्ण, एकदाही पुढे न ढकलता ऐकायचं. एका शनिवारी एवढंच होतं, पण ते गाणं मग विसरायला होत नाही.

आणि काहीच पत्ता लागला नाही, तर घरातल्या साठीच्या आसपासच्या माणसाला हाक मारायची. त्यांच्या डोक्यात जे आहे ते कुठल्याही सर्व्हरवर नाही आणि त्याचा बॅकअपही नाही. आता मी दर रविवारी फोनवर आईला एक तुकडा ऐकवतो. गेल्या पाचांपैकी तीन तिने ओळखले. चौथा बाबांनी ओळखला, मागून ओरडून. "पण वाट लावली आहे गाण्याची," हे अर्थातच पुढे होतंच.