४० नंबरची ओळ शून्यावर का?

प्रिय पंत,



तुझी मेल मिळाली. तिकडचा उकाडा, मेसमधली अळणी आमटी, सगळं वाचलं. पण खरं सांगू? आधी तू खाली चिकटवलेलं कॉन्फिगरेशनच वाचलं. इतक्या वर्षांची खोड आहे, जायची नाही.

तुझं दुखणं थोडक्यात असं: मस्कतच्या गोदामातल्या पीसींवरून सर्व्हरला पिंग मस्त जातं, पण सॉफ्टवेअर लॉगिनलाच गटांगळ्या खातं. तू राउटरवरच्या अ‍ॅक्सेस लिस्टमध्ये परमिटची ओळ वाढवलीस, तरी ढिम्म. आणि आता साहेबांचं म्हणणं, राउटरच बदलून टाकू. त्यांना म्हणावं, थांबा. राउटरला जे सांगितलंय ते तो इमानेइतबारे करतोय. तुझी १०१ नंबरची यादी पुन्हा एकदा डोळ्यांसमोर धर:

१० परमिट आयसीएमपी एनी एनी
२० डिनाय टीसीपी एनी १०.२०.०.० ०.०.२५५.२५५
३० परमिट आयपी एनी एनी
४० परमिट टीसीपी एनी होस्ट १०.२०.४.१५ ईक्यू १४३३

राउटर वरून खाली येतो आणि जी ओळ पहिल्यांदा लागू पडेल तिथेच थांबतो. पुढे आणखी नेमकी, आणखी शहाणी ओळ आहे का, हे तो बघत नाही. लॉगिनचं पॅकेट टीसीपीचं, निघालंय १०.२०.४.१५ ला, म्हणजे २० वरच त्याचा निकाल लागला. पिंग मात्र आयसीएमपी, ते १० वरूनच सुटतं, म्हणून तुला वाटतं रस्ता मोकळा आहे. पिंग जातं एवढ्यावरून पिंग जातं एवढंच कळतं, बाबा. आणि तुझी ४०? ३० वर उरलंसुरलं सगळंच सोडून दिलंय, त्यामुळे तिच्यापर्यंत कोणी पोचणारच नाही. नवी ओळ नंबर न देता टाकली की ती मुकाट्याने शेवटी जाऊन बसते, ही तिची मूळ गोची.

माझ्या शब्दावर जाऊ नकोस, राउटरलाच विचार. ‘क्लिअर अ‍ॅक्सेस-लिस्ट काउंटर्स १०१’ दे, गोदामातल्या कोणाला तरी एकदाच लॉगिन करायला सांग, आणि लगेच ‘शो अ‍ॅक्सेस-लिस्ट्स १०१’ बघ. प्रत्येक ओळीपुढे किती पॅकेटं तिला लागली तो आकडा येतो. २० चा आकडा हलेल, ४० पुढे काहीच नसेल. माझं तर मत असं आहे की यादी वाचत बसूच नये, आधी आकडे वाचावेत. यादी वाचताना आपण ती लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं ते वाचतो. प्रत्यक्षात काय घडतंय ते आकडे सांगतात. एक खबरदारी: मोठ्या स्विचवर हे आकडे नेहमी खरे नसतात. तिथे छाननी हार्डवेअरमध्ये होते आणि काउंटरमध्ये फक्त सीपीयूकडे आलेली पॅकेटं धरली जातात. तुझा साधा ब्रँच राउटर आहे, तेव्हा बिनधास्त विश्वास ठेव.

दुरुस्ती म्हणशील तर दोन ओळींची. ‘आयपी अ‍ॅक्सेस-लिस्ट एक्स्टेंडेड १०१’ मध्ये शिर, ‘नो ४०’ दे, आणि तीच ओळ १५ नंबर लावून पुन्हा टाक. मधे दहा-दहाची जागा सोडलेली असते ती यासाठीच. मात्र जुन्या सवयीने ‘नो अ‍ॅक्सेस-लिस्ट १०१’ असं काही देऊन बसू नकोस. त्याने एक ओळ नाही, अख्खी यादी उडते. यादी उडाली आणि इंटरफेसवर नुसता तिचा नंबर राहिला, तर राउटर सगळंच सोडतो. मग तू दुरून एकेक ओळ पेस्ट करायला लागतोस, आणि पहिली ओळ आत गेली रे गेली की यादीच्या शेवटी न दिसणारा ‘बाकी सगळ्यांना मज्जाव’ जिवंत होतो. तुझं स्वतःचं एसएसएच सेशन त्या पहिल्या ओळीत बसत नसेल तर खेळ खलास, काढ गाडी आणि जा गोदामात. म्हणून कामाला हात घालण्याआधी ‘रीलोड इन १०’ देऊन ठेव. अडकलास तर दहा मिनिटांनी राउटर आपोआप उठेल, जुन्या सेव्ह केलेल्या कॉन्फिगरेशनसह. नीट झालं तर ‘रीलोड कॅन्सल’, आणि मगच सेव्ह. तुमच्याकडे शुक्रवार-शनिवार सुट्टी, म्हणजे गुरुवारची रात्र यासाठी बरी.

तो न दिसणारा मज्जाव मोठा छुपा रुस्तम आहे. त्याला ओळ नाही, नंबर नाही, आकडाही नाही. मी तर शेवटी ‘डिनाय आयपी एनी एनी लॉग’ स्वतःच्या हाताने लिहितो, म्हणजे काय पडतंय ते दिसतं. (लॉग गर्दीच्या लाइनवर कायमचं ठेवू नये, सीपीयूला घाम फुटतो.) ओएसपीएफ चालू असलेल्या इंटरफेसवर कोणी आत येणाऱ्या दिशेने नवी यादी लावतो, सगळं ठीक दिसतं, माणूस हुश्श करतो, आणि ४० सेकंदांनी शेजारचा राउटर गायब. कारण इथरनेटवर डेड टायमर तेवढा असतो आणि यादीत ओएसपीएफला परमिट द्यायचं कोणाच्या डोक्यातच आलेलं नसतं. बिघाड बदलानंतर लगेच झाला नाही म्हणून संशयही भलतीकडेच जातो.

तू लिहिलंयस की राउटरवरूनच पिंग करून लाइन तपासली. तो पुरावा बाद. बाहेर जाणाऱ्या दिशेला लावलेली यादी राउटरने स्वतः तयार केलेल्या पॅकेटांना लागतच नाही. शिवाय ते पॅकेट निघतं बाहेरच्या इंटरफेसचा पत्ता घेऊन, गोदामाचा नव्हे. तपासायचं तर पीसीवरून, आणि नुसतं पिंग नको, पोर्ट १४३३ वर टेलनेट मारून बघ. कनेक्शन उघडलं की नाही ते तिथल्या तिथे कळतं.

आणि परतीचा रस्ता विसरू नकोस. सर्व्हरकडून उत्तर येतं तेव्हा १४३३ हा सोर्सचा पोर्ट असतो, डेस्टिनेशनचा नाही. उलट दिशेच्या यादीत कोणी ‘ईक्यू १४३३’ शेवटी, म्हणजे डेस्टिनेशनच्या बाजूला लिहून ठेवलं असेल तर ती ओळ जन्मात लागणार नाही. ‘शो आयपी इंटरफेस’मध्ये कुठल्या इंटरफेसवर, कुठल्या दिशेला, कुठली यादी लावलीय ते दिसतं. पुष्कळदा यादी निर्दोष असते, लावलेली चुकीच्या दाराला असते.

आता २० नंबरची ओळ. ती कोणी टाकली, का टाकली, हे ऑफिसात कोणालाच ठाऊक नाही म्हणतोस. या धंद्यात हे नेहमीचंच. जुन्या ओळी माळ्यावरच्या पितळी भांड्यांसारख्या असतात: वापर नाही, पण खाली काढायची कोणाची हिंमत नाही. उदाहरणच घे: २५ जानेवारी २००३ ला एसक्यूएल स्लॅमर नावाचा वर्म सुटला. जेमतेम ३७६ बाइटचा, यूडीपी १४३४ वरून पसरणारा. जगभर लोकांनी घाईघाईने त्या पोर्टला डिनाय ठोकला, आणि त्या दिवशी तेच योग्य होतं. पण ओळ तशीच राहिली. विंडोज एक्सपी स्वतःसाठी तात्पुरते पोर्ट १०२५ ते ५००० मधून उचलायचं, म्हणजे १४३४ त्यातच आला. एखाद्या पीसीने त्या पोर्टवरून डीएनएसला प्रश्न विचारला की उत्तर राउटरवर पडायचं. पुन्हा विचारलं की पोर्ट दुसरा, काम चालू! अशी तक्रार कोण सिद्ध करणार? पुढे व्हिस्टापासून विंडोजचे तात्पुरते पोर्ट ४९१५२ च्या वर गेले, आणि कोणीही काही न करता तो बिघाड पीसींबरोबरच भंगारात गेला.

त्याच सुमाराची आणखी एक गंमत. ६९ ने सुरू होणारे पत्ते तोवर कोणाला दिलेलेच नव्हते, म्हणून सावध लोकांनी ते याद्यांमध्ये बोगस म्हणून अडवलेले. ऑगस्ट २००२ मध्ये ते उत्तर अमेरिकेच्या रजिस्ट्रीला मिळाले, खरी गिऱ्हाइकं त्यांवर आली, आणि इंटरनेटवरच्या बऱ्याच जणांना ती दिसेनात. दोष त्या गिऱ्हाइकांच्या नेटवर्कमध्ये नव्हताच, परक्यांच्या विसरलेल्या याद्यांमध्ये होता. दुरुस्तीसाठी दारोदार मेल पाठवत हिंडायचं, दुसरं काय!

तेव्हा २० लगेच उडवू नकोस. १५ टाकून काम सुरू कर, २० चे आकडे दोन-चार आठवडे बघ, आणि दोन्हींच्या डोक्यावर ‘रिमार्क’ लिही: कोणासाठी, कोणाच्या सांगण्यावरून, कधी काढायची. शंभर अक्षरं मिळतात, कंजुषी करू नकोस.

गुरुवारी काम झालं की ‘शो अ‍ॅक्सेस-लिस्ट्स’ आणि ‘शो आयपी इंटरफेस’, दोन्हींचं आउटपुट पाठव. स्क्रीनचा फोटो नको, मजकूर पाठव. मागच्या फोटोत १ आणि ७ ओळखताना डोळे फुटले माझे.

तुझा,
बापू