वारणेचा काठ आणि गावचे दप्तर

वारणानगराहून उत्तरेस निघाले असता लवकरच वारणा नदी लागते. आज पैलतीरी सांगली जिल्हा आहे; संस्थानी काळी मात्र हा प्रवाह दोन राज्यांची शीव होता. पलीकडे इंग्रजांचा सातारा जिल्हा; अलीकडे करवीरच्या छत्रपतींचे, पण इंग्रजांच्या अधिसत्तेखालील, अर्धस्वतंत्र राज्य.

एवढ्या मर्यादित सत्तेतही शाहू महाराजांनी १९१८ साली कुलकर्णी वतने रद्द करून पगारी तलाठी नेमले. ज्यांच्या ओसरीवर पिढ्यान्‌पिढ्या गावचे दप्तर असे, त्या आमच्यासारख्या घराण्यांच्या तो घाव जिव्हारी लागला. तथापि गावचे दप्तर एका घराची वंशपरंपरागत मिळकत असू नये, हा त्यातील न्याय आज या काठावर आम्हांस पटतो. तलाठीही वरूनच नेमलेला, हे खरे; परंतु तो जन्माने तलाठी नव्हता.

१ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. १९६२ पासून ग्रामपंचायत, पंचायत समिती व जिल्हा परिषद ही उतरंड दोन्ही तीरांवर सारखीच आहे. पंच निवडताना कुलकर्ण्यांच्या घरातील प्रत्येकास इतरांप्रमाणेच एक मत आहे. आणि तेवढेच असावे.