कोंबड्या, शेळ्या आणि गोबरगॅस

मुलांनो, हे कोडं तुम्हाला ठाऊकच असेल. वाड्यात कोंबड्या नि शेळ्या मिळून डोकी २०, पाय ५६. तर कोंबड्या किती आणि शेळ्या किती? चौथीतली पोरं हे समीकरणाशिवाय सोडवतात. सगळ्या कोंबड्याच आहेत असं समजायचं. पाय झाले ४०, जादा उरले १६. प्रत्येक शेळीमागे दोन पाय जादा, म्हणून शेळ्या ८ आणि कोंबड्या १२. झालं!

गेल्या पावसाळ्यात माझी भाची पोलादपूरला आमच्याकडे आली होती. अकरावी सायन्स. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता सगळं इंग्रजीत. बाहेर सावित्री दुथडी भरून वाहत होती आणि ही वही मिटून बसलेली. म्हणाली, "मावशी, मी सायन्स सोडते. मला नाही जमायचं. बाबांना तूच सांग."

मी वही उघडली. मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड यांच्या मिश्रणाचा सरासरी रेणुभार २७.२ आहे, तर प्रत्येकाचं प्रमाण काढा, असं गणित होतं.

"अगं, मिथेन म्हणजे गोबरगॅसमधला जळणारा वायू ना? त्याचा रेणुभार किती?"

"१६. आणि कार्बन डायऑक्साइडचा ४४."

"मग मिथेन ही कोंबडी, दुसरी शेळी. घे १०० रेणू."

ती हसली, पण पेन हातात घेतलं. १०० रेणूंचा भार २७२०. सगळे मिथेनचे मानले तर १६००. जादा ११२०. एका 'शेळी'मागे ४४ वजा १६, म्हणजे २८ जादा. ११२० भागिले २८, बरोबर ४०! म्हणजे कार्बन डायऑक्साइड ४० टक्के, मिथेन ६० टक्के.

"पण मावशी, रेणू मोजणार कोण?"

ते काम आव्होगाड्रोनं १८११ सालीच सोपं करून ठेवलंय. तापमान आणि दाब सारखे असले की सारख्या आकारमानात रेणूही सारखेच. तेव्हा १०० रेणूंतले ६० म्हणजेच १०० लिटरमधले ६० लिटर. खऱ्या गोबरगॅसमध्येही साधारण हेच प्रमाण असतं. कार्बन डायऑक्साइड जळत नाही, म्हणून तो वाढला की शेगडीची ज्योत मंदावते.

अशा वजनांनी एकदा मोठीच गंमत केली, बरं का! हवेतून काढलेला नायट्रोजन हा रसायनांपासून बनवलेल्या नायट्रोजनपेक्षा जेमतेम अर्धा टक्का जड भरत होता. रॅलेनं तो फरक सोडून दिला नाही. १८९४ साली त्याला आणि रॅम्सेला हवेत लपलेला अरगॉन सापडला. वाड्यात तिसरंच जनावर!

भाचीनं त्या रात्री आणखी सहा गणितं सोडवली. तिच्या बाबांना मला काही सांगावं लागलं नाही.

आता तुमची पाळी. हवेत फक्त नायट्रोजन (२८) आणि ऑक्सिजन (३२) आहेत असं धरा. १०० रेणूंचा भार २८८४. कोण किती? आई-बाबांनाही सोडवायला बसवा!