गुलछडी

मावशीचं लातूरचं घर मागच्या महिन्यात रिकामं केलं. कपाटाच्या वरच्या फळीवर काचेची उंच फुलदाणी सापडली. आत बोअरच्या जड पाण्याचे पांढरे पट्टे, एकावर एक. नखानं खरवडले तरी निघेनात. फुलदाणी कोरडी होती, तरी मला गुलछडीचा वास आला. आणि २०१६चा एप्रिल आठवला.

मावशी मूळची नांदेडची. लग्नाआधी तिनं तिथं ‘रजनीगंधा’ पाहिला. बासू चटर्जींचा १९७४चा सिनेमा, मन्नू भंडारींच्या ‘यही सच है’ या कथेवरचा. अमोल पालेकरांचा संजय उशिरा येतो, ऑफिसातल्या बढतीचंच बोलत बसतो, पण रजनीगंधाची फुलं आणतो. विद्या सिन्हांची दीपा ती फुलदाणीत ठेवते. रजनीगंधा म्हणजे आपली गुलछडीच, हे कळलं तेव्हा मावशीला फार नवल वाटलं होतं. आपल्याकडे तिचा हार नवरदेवाच्या गळ्यात असतो आणि तिरडीवरही. घरात नुसतीच ठेवायला कोण आणतं?

लग्न झाल्यावर तिनं हे काकांना सांगितलं. लातूरच्या गंजगोलाईत फुलवाल्याकडे हारासाठीची सुटी फुलंच होती. काकांनी तीच पावशेर आणली, वर्तमानपत्रात बांधून. मावशीनं ती पितळी ताटलीत पाणी घालून ठेवली. पुढे काकांनी एक शेतकरी गाठला, काड्या आणल्या, ही फुलदाणी घेतली. मग दर शनिवारी दोन काड्या. काका असेपर्यंत त्यांनी आणल्या, नंतर मावशीनं स्वतः.

दीपानं तिच्या जुन्या प्रियकराकडे, मुंबईच्या नवीनकडे जायला हवं होतं, असं कोणी म्हटलं की मला अजून राग येतो. त्या दोघांचं टॅक्सीतलं मुकेशचं गाणं सुंदर आहेच, त्यासाठी मुकेशला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. पण दर खेपेला आठवणीनं फुलं आणणाऱ्या माणसाची किंमत मी घरात पाहिली आहे.

हिंदी गाण्यांतली बाकीची फुलं मला परकी वाटत आली. नायक-नायिका जवळ आले की पडद्यावर दोन फुलं एकमेकांवर डुलायची. ‘सिलसिला’त तर हॉलंडचे ट्युलिपचे वाफे. तिथं फूल कोणी विकत घेत नाही, कोणी त्याचं पाणी बदलत नाही. सलील चौधरींच्या चालीवर लता गाते त्या रजनीगंधाला मात्र खोली आहे, टेबल आहे, फुलदाणी आहे.

ही गुलछडी मूळची मेक्सिकोची, युरोपियनांच्या जहाजांतून आपल्याकडे आलेली. वनस्पतिशास्त्रज्ञ आता तिला घायपाताच्या कुळात बसवतात. बांधावरचं ते काटेरी घायपात, ज्याच्या वाखाचे दोर वळतात, ते हिचं भाऊबंद! वाचलं तेव्हा पटेना. पण २०१६च्या दुष्काळी उन्हाळ्यात लातूरला जाताना बांधाबांधावर हिरवं म्हणून घायपातच तेवढं उभं होतं.

१२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातुरात आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. मी त्याच आठवड्यात मावशीकडे गेलो होतो. अंगणात रिकाम्या घागरींची रांग, आणि टेबलावर गुलछडीच्या दोन काड्या. फुलदाणीत तांदूळ धुतलेलं पाणी, गढूळ, जेमतेम चार बोटं. मी काही बोलायच्या आत मावशी म्हणाली, “पाणी नाही म्हणून फूल आणू नाही का?” मग तिनं मला प्यायला अर्धा पेला पाणी दिलं. मी दोन घोट ठेवले, तर तेही तिनं फुलदाणीत ओतले.

फुलदाणी मी नांदेडला आणली आहे. शनिवारी वजिराबादेतून दोन काड्या घेतल्या. गुलछडी खालून वर उमलत जाते. तुम्ही आणलीत तर सुकलेली फुलं खुडा, देठ बोटभर तिरका कापा आणि पाणी रोज बदला.