धुणं झाल्याची खूण

रविवार, १३ जुलै, पुणे
पावसाची झड थांबायचं नाव नाही. सकाळी लावलेलं धुणं दुपारपर्यंत ड्रममध्येच राहिलं आणि त्याला कुबट वास आला. ड्राय बाल्कनीतलं मशीन काम संपलं की बारीक आवाजात वाजतं, ते आईला ऐकूच येत नाही. माझी हाक ऐकू येते, दारावरची थाप येते; पण वयोमानाने कान आधी वरच्या पट्टीतलेच आवाज गमावतात. वृद्धांनाही कळतील असे घरगुती उपकरणांचे आवाज कसे असावेत, याचं आयएसओ २४५०० हे मानक २०१० मध्ये आलं. इतक्या वर्षांनी तरी हे सगळ्या मशीनमध्ये दिसायला हवं होतं.
“सारखं उठून काचेत डोकवायचं का रे?” आईने विचारलं. तिचे गुडघे दुखतात.

सोमवार, १४ जुलै
मशीन कधी थांबलं हे कळावं म्हणून सोळा अँपिअरचा स्मार्ट प्लग आणला. मशीनमधला हीटर दोन हजार वॉटच्या आसपास ओढतो, म्हणजे २३० व्होल्टला जवळजवळ नऊ अँपिअर; सहा अँपिअरवाला इथे चालणार नाही. प्लग वॉटचा आकडा रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावरच्या होम असिस्टंटला कळवतो. पाउलस स्खाउटसन यांनी २०१३ मध्ये सुरू केलेली ही मुक्त प्रणाली घरातच चालते. प्लगही घरातल्या घरात बोलणारा घेतला, त्यामुळे इंटरनेट गेलं तरी अडत नाही.
संध्याकाळी नियम न लिहिता नुसता आलेख बघत बसलो. पाणी भरताना रेघ तळाशी. हीटर लागला की थेट दोन हजारापाशी. मग ड्रम एकीकडे फिरतो, दीडशे. थांबतो, रेघ खाली. उलटा फिरतो, पुन्हा दीडशे. मध्येच कपडे भिजत पडतात तेव्हा दोन मिनिटं जेमतेम तीन वॉट. पिळताना चारशेच्या वर, आणि शेवटी दोन. भिजतानाचे तीन आणि संपल्यावरचे दोन यांत आकड्याने फरक करता येत नाही. फरक आहे तो रेघ किती वेळ खाली राहते त्यात.

बुधवार, १६ जुलै
नियम लिहिला. वीस वॉटच्या वर गेलं की ‘चालू’. पाचच्या खाली सलग पाच मिनिटं राहिलं की ‘झालं’. दोन आकडे मुद्दाम वेगळे ठेवले, म्हणजे काठावरच्या चढउताराने गोंधळ होत नाही. आईला पाच मिनिटं उशिरा कळेल, पण त्याने कपड्यांचं काही बिघडत नाही.

गुरुवार, १७ जुलै
दुरुस्तीसाठी गुरुवारी वीज जाते, तशी आजही गेली, ऐन पिळण्यात. रास्पबेरी पाय आणि राउटर इन्व्हर्टरवर आहेत. प्लग ‘अनुपलब्ध’ दिसला. ते म्हणजे शून्य वॉट नव्हे, म्हणून खोटं ‘झालं’ उमटलं नाही. होम असिस्टंट पुन्हा सुरू झालं की चालू असलेली मिनिटांची मोजणी पुसली जाते, म्हणून ‘चालू’ ही नोंद वेगळी जपून ठेवली आहे. वीज आल्यावर प्लग आपोआप सुरू होईल हेही आधीच ठरवून दिलं होतं. मशीनने राहिलेलं काम पुढे उरकलं.

शनिवार, १९ जुलै
‘झालं’ की लागेल असा दिवा आईच्या खुर्चीसमोर बसवला. रंग तिने निवडला. “लाल नको, काहीतरी बिघडल्यासारखं वाटतं.” मग निळा. मशीनच्या दाराला चुंबकी सेन्सर लावलाय. दार उघडेपर्यंत दिवा विझत नाही. माझ्या मते कपडे बाहेर निघाले तेव्हाच धुणं झालं.
दुपारी मी फोनवर होतो. आई गवार मोडत बसली होती. दिवा लागला तशी ताट बाजूला ठेवून उठली आणि हॉलमधल्या दोरीवर कपडे घालू लागली. कुणी तिला ओरडून सांगावं लागलं नाही. मला एवढंच हवं होतं.

रविवार, २० जुलै
वरच्या मजल्यावरच्या आजी बघून गेल्या. “मलाही असं करून दे.” त्यांचं मशीन सेमी ऑटोमॅटिक. धुऊन झालं की कपडे हाताने ड्रायरमध्ये टाकायचे, म्हणजे दिवा दोनदा लागायला हवा. आमचे आकडे तिथे लागू पडणार नाहीत. उद्या प्लग त्यांच्याकडे लावून आधी आलेख बघणार आहे.